दोन नळ्या आणि तीन पायडल

चन्नप्पा बिडवे यांना मोटार चालवता येत नाही, ही गोष्ट मानवतमध्ये फक्त एका माणसाला मान्य नव्हती, आणि तो माणूस म्हणजे स्वतः चन्नप्पा बिडवे. बाजार समितीत छत्तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेल्या माणसाला एवढी एक हौस असायला हरकत नाही. कुणी विचारलं, काका, गाडी तुम्हीच चालवता का, तर ते हो म्हणत नसत आणि नाही तर मुळीच म्हणत नसत. नुसते हसून "आता पहिल्यासारखं होत न्हाई" एवढंच म्हणत. पूर्वी काय होत होतं हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही. पूर्वी परभणीच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांचे तीन धडे झाले होते. तिसऱ्या धड्याला गाडी कडब्याच्या गंजीत शिरली आणि चौथ्या धड्याला शिकवणारा आलाच नाही.

गाडी चालवत त्या भागम्माबाई, त्यांच्या पत्नी. आरोग्य खात्यात एकतीस वर्षं नर्सची नोकरी करून निवृत्त झाल्यावर बाईंनी स्वतःच्या पैशांनी पाथरीच्या एका डॉक्टरीणबाईंची बारा वर्षं जुनी पांढरी गाडी घेतली. गाडी आटोमॅटिक. क्लच नाही, गिअर आपले आपण बदलतात, त्यामुळे बाईंच्या ऑपरेशन झालेल्या डाव्या गुडघ्याला काही कामच नाही. साठीला टेकलेल्या बाई दोन महिन्यांत गाडी शिकल्या, लायसन काढलं, आणि सोमवारी महादेवाला, गुरुवारी मैत्रिणीकडे आणि मधल्या वारी काही कारण नसताना अशा हिंडू लागल्या. चन्नप्पा शेजारच्या सीटवर बसून "डावीकडून घे", "हॉर्न दे", "म्हैस हाय" अशा सूचना देत. अशा सूचना देणं म्हणजेच गाडी चालवणं, अशी त्यांची अगदी प्रामाणिक समजूत होती.

तर झालं असं, की कापसाचा हंगाम ऐन भरात आला. या दिवसांत मानवतच्या रस्त्यांवर कापसाची वाहनं एकामागोमाग एक चालतात आणि हवेत कापूस उडत असतो. तो नाकात जातो, चहात पडतो, दोरीवरच्या धोतराला चिकटतो. तोच कापूस गाडीच्या पुढच्या जाळीतून आत शिरून रेडिएटरवर गादीसारखा बसला आणि पाथरीहून येताना गाडी तापली. भागम्माबाईंनी ती हळूहळू घरी आणली आणि सांगितलं, की पूजा आटोपली की मी बजरंग मिस्त्रीकडे घेऊन जाते, तोवर कुणी हात लावू नका.

बाईंची लिंगपूजा अर्धा तास चालते. त्या अर्ध्या तासात शेजारचे भगवानराव कंपाउंडशी आले. भगवानरावांची सन अठ्ठ्याऐंशीत पाथरी-मानवत अशी प्रवासी भरून नेणारी वडापची जीप होती, आणि तेव्हापासून चाकं असलेल्या प्रत्येक वस्तूवर बोलायचा त्यांना हक्क मिळाला होता. त्यांनी वाकून पाहिलं आणि निदान केलं, की कापूस काढला की गाडी थंड. चन्नप्पा घरात जाऊन दाभण घेऊन आले. दाभण म्हणजे पोती शिवायची जाडजूड सुई. ज्याची हयात बाजार समितीत गेली त्याच्या घरी वेळेला कात्री सापडत नाही, पण दाभण हटकून सापडतं.

काम मोठं सुबक चाललं होतं. चन्नप्पा जाळीत दाभण घालायचे, कापसाचा पुंजका अलगद ओढायचे आणि भगवानरावांना दाखवायचे. भगवानराव मान डोलवायचे. नऊ हिस्से कापूस निघाला. दहाव्या हिश्शाला दाभण जरा खोल गेलं आणि रेडिएटरमधून हिरव्या पाण्याची एक बारीक धार निघून थेट चन्नप्पांच्या बंडीवर आली. दोघंही काही वेळ त्या धारेकडे बघत राहिले.

आता इथे थांबले असते तर चाललं असतं. पण भगवानरावांना जीप आठवली. जीपचा रेडिएटर गळायला लागला की ते त्यात चमचाभर हळद टाकायचे. हळद फुगते, भोकात जाऊन बसते, आणि गाडी सेलूपर्यंत जाऊन परत येते. ही गोष्ट खरी आहे. जुने ड्रायव्हर सगळे सांगतात. चूक झाली ती प्रमाणाची. जीपला चमचा, तर एवढ्या भारी गाडीला किती, याचा हिशेब चन्नप्पांनी मनातल्या मनात केला आणि वर्षासाठी दळून ठेवलेल्या वसमतच्या हळदीचा डबा त्यांनी रेडिएटरमध्ये रिकामा केला. भगवानरावांनी गाडी सुरू केली. दहा मिनिटांनी टोपणातून पिवळी वाफ उसळली, आणि समोरच्या चांगुणाबाई दारात येऊन विचारू लागल्या, की सकाळच्या पारी पिठलं कुणी टाकलंय.

भागम्माबाई पूजेवरून उठून कपाळावरच्या भस्मानिशी बाहेर आल्या. त्यांनी पिवळी गाडी पाहिली, पिवळा नवरा पाहिला, आणि त्या एवढंच म्हणाल्या, "डबा धुवून ठेवा."

बजरंग मिस्त्री आला. त्याने रेडिएटर खोलला, उलटा केला, आणि त्यातून काहीच पडलं नाही हे बघून टोपी काढली. नवाच पाहिजे, म्हणाला. पण एक गोष्ट त्याने बोट ठेवून दाखवली. रेडिएटरच्या खालच्या टाकीला दोन तोट्या होत्या. आटोमॅटिक गाडीत गिअरचं ऑइल तापतं. ते एका नळीने रेडिएटरमध्ये येतं, थंड होतं आणि दुसऱ्या नळीने परत जातं. साध्या गाडीच्या रेडिएटरला या तोट्या नसतात. "बाकी काय बी चालंल काका, पन ह्या दोन तोट्या पाह्यजेत," तो म्हणाला, आणि जुना रेडिएटर सोबत न्यायला सांगितलं.

गळका, हळदीने माखलेला रेडिएटर काखोटीला मारून एस.टी.त चढणं हे माजी वरिष्ठ लिपिकाला शोभणारं नव्हतं. चन्नप्पांनी फुलस्केप कागदावर लांबी, रुंदी, जाडी, गाडीचं वर्ष अशी टिपणी केली, खाली तारखेनिशी सही केली आणि कागद खिशात घालून परभणी गाठली. तोट्या टिपणीत आल्या नाहीत. तो तांत्रिक तपशील होता, आणि तांत्रिक तपशील खालच्या लोकांनी बघायचा असतो.

परभणीचा दुकानदार फार अनुभवी निघाला. चन्नप्पांनी गाडी आटोमॅटिक असल्याचं सांगितलं, तर तो म्हणाला, सगळे आटोमॅटिकच सांगतात. बटणाने काच वर गेली की आमच्याकडे आटोमॅटिक होते. मग त्याने विचारलं, गाडी कोण चालवतं. दुकानात आणखी चारपाच गिऱ्हाइकं होती, सगळी ट्रकवाली, दणकट. चन्नप्पा म्हणाले, "मीच."

"मंग पायडल किती हायेत खाली, ते सांगा."

स्टेअरिंगखाली डोकं घालून पाहण्याची वेळ चन्नप्पांवर आयुष्यात कधी आली नव्हती. पण ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत किती होते ते मात्र त्यांना पक्कं आठवत होतं, कारण त्या तिन्हींवर त्यांचे पाय एकदमच पडले होते. त्यांनी ठामपणे सांगितलं, "तीन." दुकानदाराने मान हलवून साधा रेडिएटर बांधून दिला.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरने रेडिएटरला हरकत घेतली. इंजिनाचा भाग प्रवाशासोबत नेता येतो का, यावर त्याचा आणि चन्नप्पांचा अर्धी वाट सरेपर्यंत शास्त्रार्थ चालला. शेवटी ज्येष्ठ नागरिक म्हणून चन्नप्पांना अर्धं तिकीट आणि सामान म्हणून रेडिएटरला पूर्ण, असा निकाल लागला. आपल्यापेक्षा मानाने प्रवास करणाऱ्या त्या वस्तूला मांडीवर घेऊन चन्नप्पा मानवतला उतरले.

बजरंगने रेडिएटर बसवला. मापात तंतोतंत बसला, स्क्रूसुद्धा सगळे लागले. गल्लीतली दहाबारा मंडळी जमली होती. मग बजरंग गाडीखालून बाहेर सरकला आणि त्याने दोन नळ्या हातात धरून वर केल्या. "काका, ह्या कुठं लावू?"

त्या दोन नळ्यांकडे सगळ्यांनी आळीपाळीने पाहिलं. चन्नप्पा म्हणाले, की परभणीचे दुकानदार आजकाल लक्ष देत नाहीत. पायडलचा विषय त्यांनी काढला नाही. दुकानदाराने रेडिएटर परत घेतला, पण तोट्यांचा त्याच्याकडे नव्हता. कंपनीने हे मॉडेलच बंद करून बरीच वर्षं झाली होती.

मग चन्नप्पा जुना रेडिएटर चादरीत गुंडाळून छत्रपती संभाजीनगरच्या एका मोठ्या शोरूममध्ये गेले. तिथे थंडगार हवा होती, काचेचं टेबल होतं आणि टेबलामागे इस्त्रीच्या कपड्यातली एक मुलगी होती. तिच्या छातीवर सृष्टी असं नाव होतं. तिने रेडिएटर तपासणीसाठी आत पाठवला, पावती फाडली, आणि जुन्या मॉडेलचा भाग मागवायला मालकाची सही लागेल म्हणून सांगितलं. चन्नप्पांनी लगेच पेन काढलं. तिने गाडीचे कागद पाहिले. मालक भागम्मा चन्नप्पा बिडवे. मग आपण कोण? चन्नप्पा म्हणाले, की मी त्यांचा मालक. मुलगी मराठवाड्यातली नसावी. तिने हे वाक्य लिहून घेतलं, आत जाऊन साहेबांना विचारून आली आणि म्हणाली, की मालकाचा मालक अशी जागा फॉर्ममध्ये नाही. कागदांचा धाक ज्याने छत्तीस वर्षं दुसऱ्यांना घातला, त्या माणसाला आयुष्यात प्रथमच खिडकीच्या या बाजूला उभं राहावं लागलं. भाग यायला सहा आठवडे लागतील, आणि तपासणीला जमा झालेला जुना रेडिएटर मालकालाच समक्ष परत मिळेल, असंही कळलं. म्हणजे गेले होते एक आणायला, आणि होता तोही ठेवून आले.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण बुधवारी पुण्याहून मुलाचा, बसवेश्वरचा, फोन आला. त्याला ही गाडी पहिल्यापासून पसंत नव्हती. या वयात अव्वाने, म्हणजे आईने, गाडी चालवायची कशाला, कुठं जायचं असेल तर मला सांगा, मी इथं बसून भाड्याची गाडी पाठवतो, हे त्याचं म्हणणं. बंद पडल्याचं कळल्यावर त्याने परभणीचा एक गाडी विकत घेणारा गाठला होता. रविवारी त्याला घेऊन तो येणार होता. चालू असेल तर बघू, म्हणाला, पण बंद असेल तर आप्पा, उगीच अडून बसू नका. भागम्माबाईंनी फोन ऐकून "बरं" म्हटलं. चन्नप्पांना त्यांचं "बरं" चाळीस वर्षांपासून ओळखीचं होतं. हे त्यातलं वाईट "बरं" होतं.

शुक्रवारी भगवानराव तोडगा घेऊन आले. ठिबकच्या नळीचा हातभर तुकडा. रेडिएटर साधाच आणून बसवायचा आणि त्या दोन नळ्या या तुकड्याने एकमेकींना जोडून टाकायच्या. ऑइल गेलं तसं परत येईल, थंड होवो न होवो. रविवारी गाडी चालू दिसली म्हणजे झालं. बजरंग नको नको म्हणत होता, पण चन्नप्पांना हा तोडगा एकदम पटला. ते नळी कापायला घेणार, एवढ्यात भागम्माबाई बाहेर आल्या. त्यांनी काय चाललंय ते ऐकून घेतलं आणि पायरीवर बसल्या.

"एकतीस वर्षं फाट्यावर उभी ऱ्हायले मी," त्या म्हणाल्या. "खांद्याला लशीचा डबा, आन् येईल त्या जीपला हात करायचा. जीपवाल्याच्या मनात आलं की जायचं, आन् घरच्यांनी हो म्हनलं की यायचं. आता कुठं दोन वर्षं झाले, मला कुठं जायला कुनाला इचारावं लागत न्हाई. म्हनून मला तिचं गिअर जाळून चालवायची न्हाई. नीट होत असंल तर करा. नसंल तर न्हेऊ द्या बसूला."

एवढं बोलून त्या आत गेल्या. भगवानराव नळीचा तुकडा पाठीमागे लपवून उभे राहिले. चन्नप्पांना आधी वाटलं, की जीपवाल्याचं बोलणं भगवानरावांना लागलं असेल. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की "घरचे" म्हणजे घरात दुसरं कुणी नव्हतंच. मी जरा पाथरीला जाऊन येते, असं बाईंनी विचारायचं आणि आपण वर्तमानपत्रातून मान वर न करता "बघू" म्हणायचं, असं किती वेळा झालं असेल, हे ते मोजायला लागले आणि मोजता येईना. त्यांना फार वाईट वाटलं. त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत.

शनिवारी सकाळी पहिल्या बसने चन्नप्पा परभणीला निघाले. भगवानराव न बोलावता सोबत आले. मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग विकणारे गफूरमियाँ एका बोळाच्या टोकाला राहतात, ही माहिती बजरंगने दिली होती. मियाँ सत्तरीचे, दाढी मेंदीने लाल केलेली. त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये रेडिएटर भिंतीला लावून वह्यांसारखे उभे होते. त्यांनी गाडीचं नाव ऐकलं आणि आतून दोन काढून आणले. दोघांनाही खाली दोन दोन तोट्या होत्या. चन्नप्पांचा जीव एकदम सुपाएवढा झाला.

पण मियाँनी हात वर करून थांबवलं. ही गाडी दोन तऱ्हेच्या गिअरपेटीत आली होती. एकीच्या तोट्या बारीक, एकीच्या जाड. चुकीचा नेला तर नळ्या बसणार नाहीत. तुमच्या गिअरच्या दांड्याजवळ काय काय लिहिलंय, तेवढं सांगा, म्हणजे कोणता ते मी सांगतो.

चन्नप्पांनी डोळे मिटले. दोन वर्षं त्या दांड्याशेजारी बसले होते. "अक्षरं हायेत," ते म्हणाले.

"कौनसी?"

"इंग्रजी."

मियाँनी चष्मा वर सरकवला. मानवतला बजरंगला फोन लावावा, तर तो शनिवारचा मारुतीला गेलेला, आणि त्याचा फोन दुकानात वाजत राहिलेला. चन्नप्पांनी मग दुसरा नंबर लावला आणि पलीकडून भागम्माबाईंचा आवाज आला. तेवढ्यात मियाँनी विचारलंच, "गाडी आप ही चलाते ना, भाईसाब?"

भगवानरावांनी तोंड फिरवून पत्र्याकडे पाहायला सुरुवात केली. शेडमध्ये दोघंतिघं गिऱ्हाइकं होती. चन्नप्पांच्या हातात फोन चालू होता. नेहमीचं ते हसू त्यांच्या ओठांवर आलं, पहिल्यासारखं होत न्हाई हे वाक्यही जिभेवर आलं, आणि त्यांनी ती दोन्ही गिळली.

"न्हाई," ते म्हणाले. "मला गाडी येत न्हाई. कधीच येत नव्हती. गाडी माझ्या बायकोची हाय, तीच चालवती. मी नुसता बाजूला बसतो. थांबा, तिलाच इचारा."

त्यांनी फोन मोठ्या आवाजावर करून मियाँपुढे धरला. मियाँनी दांड्यावरच्या अक्षरांचं विचारलं. मग बाई बोलल्या. पी, आर, एन, डी; त्याच्या खाली दोन, त्याच्या खाली एल. दांड्याच्या बाजूला एक बटण आहे. ते अंगठ्याने दाबलं की वरचा गिअर सुटतो. चढ आला की त्या तेच दाबतात, म्हणजे गाडी ओढ धरते. मियाँ ऐकत ऐकत हसायला लागले. चार गिअरवाली, म्हणाले, आणि डावीकडचा रेडिएटर उचलून त्याच्यावरची धूळ स्वतःच्या लुंगीने पुसली. "ड्रायव्हर पक्की है," असंही म्हणाले. चन्नप्पांनी हे फोनवर बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, "ऐकलं मी. सगळं ऐकलं." आणि फोन ठेवला.

दिवस मावळायच्या आत बजरंगने रेडिएटर बसवला. दोन्ही नळ्या दोन्ही तोट्यांवर बोटात अंगठी बसावी तशा बसल्या. गल्ली पुन्हा जमली होती, पण या वेळी उरलं काहीच नाही, त्यामुळे लोकांची थोडी निराशा झाली.

रविवारी सकाळी दहाला बसवेश्वर परभणीच्या खरेदीदाराला घेऊन आला. फाटकात गाडी नव्हती. तिच्या जागी फरशीवर हळदीचा एक पिवळा डाग होता आणि खरेदीदार त्याकडेच बघत होता. चन्नप्पांनी दोघांना आत बसवलं आणि स्वतः चहा केला. चहात साखर जास्त झाली होती.

"अव्वा कुठं गेली?" बसवेश्वरने विचारलं.

"ठाऊक न्हाई."

"कवा येनार?"

"तेबी ठाऊक न्हाई."

बसवेश्वरने खिशातून फोन काढला. चन्नप्पांनी त्याला सांगितलं, की गाडी चालवताना ती फोन उचलत नाही. मुलाने फोन परत खिशात घातला. या घरात अव्वा कुठे आहे हे आप्पांना ठाऊक नाही, असं त्याच्या आठवणीत कधी झालं नव्हतं.

"मंग तुमी इचारलं न्हाई, आप्पा?"

"न्हाई," चन्नप्पा म्हणाले. ते हे इतक्या अभिमानाने म्हणाले, की खरेदीदाराने कप खाली ठेवला, रुमालाने तोंड पुसलं आणि परभणीची बस किती वाजता आहे ते विचारलं.